थोरला, धाकटा आणि बकरीची पाठ

सासूबाईंच्या हातून रेघ निसटली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्यांनी ते घरात कुणालाही कळू दिलं नव्हतं.

घरात तशी माणसं मोजून तीन. मुलगा बंदरावर क्रेन चालवायचा आणि पंधरवड्यातून दोन दिवस घरी येऊन झोपायचा. उरल्या सासू आणि सून. त्यांचं जग म्हणजे पुढची खोली, खिडकीला लागून एक लांब टेबल, टेबलाखाली एक कॉम्प्युटर आणि टेबलावर त्याचे दोन पडदे. उजवा सुनेचा, डावा सासूबाईंचा. सासूबाईंचा पडदा पाटासारखा आडवा ठेवलेला. त्यावर पेन टेकवून थेट चित्र काढायचं.

दोघी मिळून लहान मुलांसाठी हलत्या चित्रांच्या फिल्म करायच्या. माणसं, जनावरं, पाखरं सासूबाई काढायच्या. जंगल, डोंगर, ऊन, सावल्या सून कॉम्प्युटरमध्ये उभ्या करायची. मग कोणत्या पानावर किती उजेड पडेल याचा हिशेब करत कॉम्प्युटर एकेक चित्र तयार करत बसायचा. त्याला बाहेरचे लोक काय म्हणत असतील ते म्हणोत, या घरात त्याला ‘शिजणं’ म्हणत. चित्र शिजतंय. चित्र करपलं. अजून कच्चं आहे.

पण कॉम्प्युटर आला पाच-सहा वर्षांपूर्वी. त्याआधी तीस वर्षं सासूबाईंनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शिडीवर चढायचं, ब्रश भरून घ्यायचा, श्वास धरायचा आणि रेघ सोडायची. शिंप्याची कात्री, चष्मेवाल्याचे डोळे, दुधाच्या दुकानावरची गाय – गाईची पाठ शिंगापासून शेपटीपर्यंत एका दमात. “श्वास सुटला की रेघ सुटली,” हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. पुढं छापील पाट्या आल्या, शिडी माळ्यावर गेली, आणि ब्रश डब्यात वाळत पडले. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या सासूच्या हातात सुनेनं हे पेन दिलं आणि म्हणाली, “आई, इथं शिडी नाही लागत.”

सासूबाई म्हणाल्या होत्या, “मग मजा काय गं त्यात?” आणि आठ दिवसांत पडद्यावरून मान वर करीनाशा झाल्या होत्या.

आता मात्र वेगळं होत होतं. त्या श्वास धरायच्या, पेन ओढायच्या, आणि रेघ तिथंच नसायची. पेन पुढं जायचं. रेघ मागून यायची, धन्याच्या मागं रेंगाळत येणाऱ्या आळशी कुत्र्यासारखी. ती पोचेपर्यंत श्वास संपायचा. हात मध्येच थांबायचा, थांबला की कापायचा. मग त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी काढायला सुरुवात केली. एवढीशी रेघ, श्वास. एवढीशी रेघ, श्वास. बकरीची पाठ पाच तुकड्यांत. लांबून जोड दिसत नव्हते. पण ज्या बाईनं गाई एका दमात काढल्या तिला ते दिसत, ठिगळांसारखे.

कॉम्प्युटर जुना झाला असेल, असं एकदा त्यांच्या मनात आलंही होतं. पण लगेच त्यांनी स्वतःलाच टोचलं – नाचता येईना, अंगण वाकडं! वयाची साठी उलटून चार वर्षं झाली, आता हात म्हातारा झाला, आणि दोष द्यायचा बिचाऱ्या यंत्राला? त्यांनी मनाशी ठरवून टाकलं: ही बकरीची फिल्म शेवटची. पुरी करायची आणि पेन खाली ठेवायचं. गाजावाजा नको.

काम करताना त्या कधीकधी स्वतःशीच गुणगुणायच्या. आईकडून आलेली चाल, शब्द घरचेच:

रेघ माझी बाई, मागं मागं गं राहिली,
हात पुढं गेला, वाट डोळ्यानं पाहिली.

सून तिकडून विचारायची, “काय म्हणताय?”

“काही नाही गं. बकरीला गाणं शिकवतेय.”

सुनेचं दुखणं निराळं. तिची चित्रं शिजायला वेळ लागायचा, आणि शिजता शिजता कुठलंसं चित्र मध्येच अडकायचं. म्हणून तिचा एक कान सतत कॉम्प्युटरच्या पंख्याकडे. ताटावर बसली तरी तेच. पंख्याचा आवाज जरा बदलला की घास तसाच ठेवून उठायची. एका जेवणात तीनदा, चारदा. भाजी गार, भात गार, आणि ही उभ्यानं शेवटचा घास गिळून परत टेबलाशी. सासूबाई म्हणायच्या, “अगं, भिंगरीसुद्धा कधीतरी आडवी होते.” ती हसायची आणि उठायचीच. सासूबाईंना देवाकडे मागायला फार उरलं नव्हतं. पण ही पोरगी एकदा ताटावर बसून, पाय पसरून, पोटभर जेवावी, एवढं मात्र त्यांना फार वाटायचं.

आणि एका सकाळी, बकरी जंगलात हरवते तो प्रसंग निम्मा झालेला असताना, टेबलाखाली ‘खट्’ झालं आणि दोन्ही पडदे काळे पडले.

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याला सगळी गल्ली स्क्रूभाऊ म्हणायची, कारण त्याच्या ओठांत सदानकदा एक स्क्रू धरलेला असायचा. बोलायचं असलं की तो काढायचा, विचार करायचा असला की परत लावायचा. किल्लीवाला आणि शिंपी यांच्या मधल्या त्याच्या चिंचोळ्या दुकानात दोघी स्टुलांवर बसल्या.

“ताई, कुठला प्रोसेसर हवा ते सांगूच नका,” तो सुनेला म्हणाला. “काम काय ते सांगा.”

सुनेनं सांगितलं. सासूबाई मान हलवत होत्या. त्यानं फळीवरून प्रोसेसरच्या दोन चौकोनी चिपा काढल्या आणि काचेवर शेजारी-शेजारी ठेवल्या. एक तळहाताएवढी, दुसरी तिच्या निम्म्यानं.

“थोरला आणि धाकटा म्हणू. किमतीत उन्नीस-बीस. तुम्हाला दोनांतला एकच परवडेल, आणि टेबलाखाली जागाही एकाचीच, हे मला ठाऊक आहे. थोरल्याच्या पोटात बत्तीस कोअर आहेत. कोअर म्हणजे कामगार समजा. बत्तीस जण एकदम कामाला लागतात, पण एकेकटा बघाल तर जरा शांत प्रकृतीचा. धाकट्यात आठच जण. पण एकेक असा, की विंचू चावल्यासारखा पळतो.”

“मग बत्तीसच बरे की,” सासूबाई म्हणाल्या.

“भिंत बांधायची असेल तर बत्तीस बरे, मावशी. सुईत दोरा ओवायचा असेल तर बत्तीस जण काय करतील? एक ओवेल, एकतीस जण सल्ला देतील.”

सून हसली. पण सासूबाई हसल्या नाहीत. “सुई कुठली आमच्या कामात?”

“तुमचं पेन. त्याच्यामागून रेघ काढणं हे काम वाटून देता येत नाही. एकट्यालाच करावं लागतं. ताईंचं शिजवणं म्हणजे भिंत. जितके हात तितकी लवकर.”

“तर मग थोरलाच द्या,” सासूबाई म्हणाल्या.

“धाकटा द्या,” सून त्याच क्षणी म्हणाली.

स्क्रूभाऊनं स्क्रू ओठांत धरला, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि काढला. “भांडण घरी न्या. माझ्या दुकानाचा रिवाज आहे – यंत्र नांदवून बघायचं, मग ठेवायचं. चार दिवस थोरला, चार दिवस धाकटा. ताईंनी चित्र शिजायला किती मिनिटं लागली ते लिहायचं, मावशींनी पेन कसं चाललं ते लिहायचं. एकमेकींच्या कागदात डोकवायचं नाही. आणि ताई, शेवटच्या दिवसाचा मिनिटांचा आकडा कॉम्प्युटरनं स्वतः छापलेला हवा. माणसाच्या हातचा मला चालत नाही. माणसं आपल्याला हवं ते लिहितात.”

“आमच्यावर विश्वास नाही वाटतं?” सासूबाई म्हणाल्या.

“मावशी, माझा माझ्यावरसुद्धा नाही.”

थोरला घरी आला आणि घराची चालच बदलली. जे चित्र जुन्या कॉम्प्युटरवर वीस-वीस मिनिटं शिजायचं ते चार मिनिटांत उतरायला लागलं. पंखा एका सुरात घुमायचा. पहिल्या दिवशी जेवताना सून सवयीनं अर्धी उठली, आतला आवाज ऐकला, आणि परत बसली. सासूबाईंनी तिच्या ताटात भात वाढला. तिनं तो खाल्ला. वर आणखी मागितला. गरम गरम खाताना तिच्या कपाळावर घाम आला, तो तिनं कोपरानं पुसला आणि म्हणाली, “आई, भाजी छान झालीय आज.”

“रोज अशीच असते,” सासूबाई म्हणाल्या. “तुला गरम असताना आजच भेटली.”

त्या संध्याकाळी सासूबाईंनी आपल्या कागदावर लिहिलं – पेन ठीक. मग कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं – जेवताना एकदाही उठली नाही.

पेन ठीक नव्हतं. जुन्याहून बरं होतं, पण रेघ अजून मागूनच येत होती. चार पावलांऐवजी दोन पावलं मागं, एवढंच. बकरीची पाठ पाच तुकड्यांतच निघत होती. ‘बघ,’ त्यांनी स्वतःला बजावलं, ‘एवढं नवं यंत्र आणलं, तरी तेच. अंगण सरळ आहे बाई, पायच वाकडे.’ त्यात दुःख होतं आणि एक सुटकाही होती. आता कसला प्रश्नच उरला नाही.

दुसरा दिवस, तिसरा दिवस तसाच. चौथ्या दिवशी काय झालं कोण जाणे, सून जेवताना दोनदा उठली. सासूबाईंनी पाठीमागच्या बाजूला नोंद केली – आज दोनदा. कारण कळलं नाही.

पाचव्या दिवशी स्क्रूभाऊ थोरला घेऊन गेला आणि धाकटा लावून गेला. सासूबाईंनी पेन उचललं. कसली आशा नव्हती, म्हणून हात सैल होता. श्वास धरला. शिंगाच्या बुडाशी पेन टेकवलं आणि ओढलं.

रेघ पेनाच्या टोकाशीच होती.

त्या दचकल्या. हात थांबवायचं सुचलं नाही, म्हणून हात पुढं गेला, आणि रेघ बरोबर गेली – मानेवरून खाली, खांद्यावर उसळून, पाठीच्या खळग्यात उतरून, कमरेवर चढून, शेपटीच्या टोकाला जाऊन वळली. एक रेघ. एक श्वास. अर्धा श्वास तर छातीत शिल्लकच होता.

सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग आपल्या हाताकडे. बोटांवर जुन्या रंगांचे डाग आता नव्हते, शिरा वर आलेल्या, आंगठ्याचं पेर सुजलेलं. तोच हात. वर्षभर ज्याला त्यांनी मनातल्या मनात म्हातारा, निकामी, आता-पुरे म्हटलं होतं, तो बिचारा एकदाही चुकला नव्हता. अंगणच वाकडं होतं!

त्यांनी आणखी एक बकरी काढली. मग एक पिल्लू. मग उगीचच एक गाय, दुधाच्या दुकानावरची. डोळे भरून आले तेव्हा पदरानं पुसले आणि सूनबाई वळून बघतेय की काय म्हणून चष्मा पुसायला घेतला.

“काय झालं आई?”

“काच मळली.”

“पेन कसं आहे?”

उत्तर जिभेच्या टोकावर होतं. सोडलं असतं तर ओरडूनच बाहेर पडलं असतं. पण त्याच वेळी पंख्याचा सूर खाली आला आणि सून खुर्चीवरून उठून टेबलाखाली वाकली. चित्र शिजायला नऊ मिनिटं लागत होती. बकरीच्या जंगलाची तीन हजार चित्रं अजून बाकी होती. थोरल्यावर आठवड्याचं काम, धाकट्यावर जवळजवळ तीन आठवड्यांचं. आणि ही एकच का फिल्म? पुढची, त्याच्या पुढची. एवढी सगळी जेवणं.

“तसंच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “काही फरक नाही.”

त्या दुपारी सून ताटावरून तीनदा उठली. सासूबाईंनी मागच्या बाजूला लिहिलं – तीनदा. भात टाकला. पुढच्या बाजूला लिहिलं – फरक नाही. थोरलाच घ्यावा. आणि चारही दिवस त्या धाकट्यावर बकऱ्या काढत राहिल्या, एका एका श्वासात, माहेरी आलेल्या मुलीनं परत जायच्या आधी भरभरून बोलून घ्यावं तशा.

आठव्या दिवशी स्क्रूभाऊ थोरल्याचं खोकं काखोटीला मारून घरी आला. खोकं टेबलाशेजारी ठेवलं, खुर्ची ओढली, दोन्ही कागद मांडीवर घेतले आणि स्क्रू ओठांत घालून वाचायला लागला. वाचता वाचता स्क्रू या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला.

“ताई, थोरल्यावर चौथ्या दिवशी एक चित्र साडेदहा मिनिटं?”

“हो,” सून म्हणाली. “छापलेला आकडा आहे. तुम्हीच म्हणाला होता.”

“धाकट्यावर नऊ. म्हणजे बत्तीस जण आठ जणांच्या मागं पडले?”

“तसंच दिसतंय. म्हणून म्हणते, धाकटा घ्यावा.”

“असं मी आयुष्यात पाहिलं नाही. चिप बिघडली असेल.” त्यानं थोरल्याचं खोकं पडद्याला जोडलं, चालू केलं, सुनेच्या शिजवायच्या प्रोग्रॅमची एक खिडकी उघडली, तीतून दुसरी उघडली, आणि एकदम मागं रेलला. स्क्रू काढून खिशात ठेवला. तो खिशात गेला म्हणजे गोष्ट गंभीर.

“ताई. बत्तीसपैकी वीस जणांना सुट्टी कुणी दिली?”

सून छताकडे बघायला लागली. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

“इथं लिहिलंय, बाराच कामगार वापर. हे आपोआप होत नाही. कुणीतरी हातानं केलंय आणि परत बदलायला विसरलंय.”

सासूबाईंना चौथा दिवस आठवला. आज दोनदा, कारण कळलं नाही. कारण आत्ता कळलं.

“खोटारडे!” त्या सुनेला म्हणाल्या. “यंत्राचे हात बांधून ठेवलेस? आणि वर छापून आणलंस?”

“मग काय करणार?” सून म्हणाली. “खरा आकडा दाखवला असता तर तुम्ही मला धाकटा घेऊ दिला असता?”

“कशाला घ्यायचा तो धाकटा? मी लिहिलंय ना, फरक नाही!”

“हो, लिहिलंय.” सून उठली. सासूबाईंच्या पडद्यावर तिनं दोन चित्रं शेजारी-शेजारी उघडली. दोन बकऱ्या. “ही थोरल्यावरची. ही धाकट्यावरची. भाऊ, तुम्हीच सांगा, फरक आहे का नाही?”

स्क्रूभाऊ वाकला. चित्रातलं त्याला फारसं कळत नव्हतं. पण एका बकरीच्या पाठीत पाच सांधे होते आणि दुसरीची पाठ पाण्यासारखी वाहत होती, हे आंधळ्यालाही बोटानं चाचपून सांगता आलं असतं.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “तुम्हीसुद्धा?”

“अहो, मी पहिल्या दिवसापासून ऐकतेय,” सून म्हणाली. “माझा कागद उलटा करा.”

त्यानं उलटला. मागं सुनेच्या तिरप्या अक्षरात ओळी होत्या – थोरला, पाठ: पाच श्वास. थोरला, पाठ: पाच श्वास. धाकटा, पाठ: एक. धाकटा, पाठ: एक. गाय: एक. (गाय कशाला काढली?)

“आई रेघ काढताना श्वास धरतात. सोडला की मला ऐकू येतो. आधी एका रेघेला एकदा ऐकू यायचा. वर्ष झालं, पाच-पाचदा येतो. मी विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, वय झालं. म्हणून गप्प राहिले. पण मला वाटायचं, हात नाही थकला, कॉम्प्युटर थकलाय. धाकट्यावर पहिली रेघ काढली तेव्हा मी पाठमोरी होते. मोजत होते. एक. पुढं आलाच नाही. आणि तुम्ही म्हणता, काच मळली!”

सासूबाईंनी आपलाच कागद स्क्रूभाऊच्या हातातून ओढायचा प्रयत्न केला, पण त्यानं तोवर तोही उलटला होता. तो मोठ्यानं वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला. “जेवताना एकदाही उठली नाही... एकदाही नाही. भात दोनदा घेतला... आज दोनदा, कारण कळलं नाही... तीनदा. भात टाकला... चारदा. उभ्यानं जेवली.”

सुनेनं तोंडावर हात ठेवला.

“मी सांगितलं होतं,” स्क्रूभाऊ म्हणाला, “ताईंनी ताईंचं लिहायचं, मावशींनी मावशींचं. एवढं साधं काम. लोक आपल्या सोयीचं खोटं लिहितात, ते मला माहीत होतं. हे नवीनच.” त्यानं खिशातून स्क्रू काढला, पुसला, पण ओठांत ठेवला नाही. “आता मी कुठलं खोकं उचलू?”

“धाकटं उचला,” सासूबाई म्हणाल्या. आवाज घट्ट होता. “हे बघ बाळे, माझा हात शाबूत आहे हे मला कळलं, तेवढं बस झालं. तेवढ्यावर मी समाधानानं पेन खाली ठेवीन. माझ्या हाताचे लाड पुरवायला तुझी ताटं गार करायची नाहीत. मी ठरवलं होतंच, ही शेवटची.”

“शेवटची?” सून म्हणाली. तिला हे नवीन होतं. तिनं आपल्या पडद्यावर जंगलाचं चित्र लावलं. प्रत्येक पान वेगळं, प्रत्येक पानावर वेगळं ऊन, आणि मधोमध सासूबाईंची बकरी. “लाड नाही, आई. हे नीट बघा आणि खरं सांगा. आज तरी खरं सांगा. कसं आहे?”

सासूबाईंनी पाहिलं. हे त्यांनी आधीही पाहिलं होतं आणि मूग गिळले होते. “बकरी,” त्या अडखळत म्हणाल्या, “पाहुणी वाटते. दुसऱ्याच्या घरात अंग चोरून उभी असल्यासारखी.”

“मलाही तेच वाटतं. बकरी हातानं काढलेली आणि जंगल यंत्रानं शिजवलेलं. कितीही शिजवलं तरी ते तिचं होत नाही. मला तुमचा हात हवाय, आई. तुमच्यासाठी नाही, कामासाठी.”

सासूबाई पडद्याच्या जवळ सरकल्या. चष्मा वर केला, खाली केला. पाटी रंगवायच्या आधी भिंतीकडे बघायच्या तसं त्यांनी त्या जंगलाकडे पाहिलं – कुठं उजेड, कुठं सावली, लोकांची नजर कुठं ठरेल.

“ही मागची झाडं,” त्या म्हणाल्या, “ही सगळी शिजवतेस?”

“सगळी. पानन् पान.”

“कशाला? एवढ्या लांबची पानं कोण मोजणार आहे? ही मी काढते. ब्रशनं, एकेका झटक्यात. बकरीजवळची तीन झाडं तेवढी तू शिजव, तिच्या अंगावर सावली पडायला. बाकी जंगल माझं.”

सुनेनं स्क्रूभाऊकडे पाहिलं. स्क्रूभाऊनं घड्याळाकडे. “काढा,” तो म्हणाला. “आता मी स्वतः मोजतो. आणि दोघींनी कागदाला हात लावायचा नाही.”

सासूबाईंनी धाकट्यावर झाडं काढली. पडद्यावरचा ओला, रुंद ब्रश, भिंतीएवढं चित्र. रेघ पेनाच्या टोकाला चिकटून धावत होती. तीन झाडं सोडून सुनेनं बाकीचं जंगल पुसलं, त्या जागी सासूबाईंचं बसवलं आणि शिजायला लावलं. तिघं पडद्याकडे बघत बसली.

“अडीच मिनिटं,” स्क्रूभाऊ म्हणाला.

पडद्यावर बकरी उभी होती. तेच तीन पाय जमिनीवर, एक उचललेला. पण आता ती कुणाच्या घरी आलेली नव्हती. मागच्या झाडांना तिच्याच पाठीचा बाक होता.

“हे थोरल्यावर मिनिटात होईल, हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवं,” स्क्रूभाऊ म्हणाला. “पण थोरल्यावर ही झाडं निघणार नाहीत. नुसती भिंत होती तेव्हा बत्तीस जण बरे होते. आता तुम्ही भिंतीला दार केलंत.” त्यानं थोरल्याचं खोकं काखोटीला मारलं, स्क्रू ओठांत धरला आणि दाराशी जाऊन परत काढला. “मावशी, ती गाय कशाला काढली होती?”

“सहज,” सासूबाई म्हणाल्या. “हात विचारत होता, अजून ओळखतेस का.”

पंधरवड्यानंतर मुलगा घरी आला तेव्हा त्याला घर चुकल्यासारखं वाटलं. बायको ताटावर मांडी घालून बसली होती आणि गरम भात खात होती. आईचं ताट वाढून ठेवलेलं होतं आणि आई जागेवर नव्हती.

“आई कुठंय?”

“जंगलात,” सून म्हणाली. “आई, भाजी गार होतेय!”

“एवढं झाड होऊ दे,” आतून आवाज आला. आणि मग गुणगुणणं:

रेघ माझी बाई, आली बोटाला धरून,
सांग मला आता, कुठं होतीस फिरून.

“आई!”

“आले गं, आले. भिंगरीसारखी मागं लागते नुसती.”

मुलगा काही बोलणार होता, पण बायकोनं बोट ओठांवर ठेवलं. आत गुणगुणणं थांबलं होतं. श्वास धरलेला होता. सुनेनं उचललेला घास तसाच हातात राहिला. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल गेली, टेबलाखाली पंखा हळू आवाजात फिरत होता, आणि ती वाट बघत बसली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत.

एकदाच ऐकू आला, लांब आणि समाधानाचा.

तिनं घास तोंडात घातला. आत सासूबाई म्हणाल्या, “झालंच,” आणि पुढच्या झाडाला पेन लावलं.